विठाबाईंच्या नावावर काय होते?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पुढाऱ्यांच्या जयंत्या आपल्याकडे उदंड होतात. आज आम्ही पुढाऱ्यावर बोलायला उभे नाही. यशवंतराव चव्हाणांच्या आईवर, विठाबाईंवर बोलणार आहोत.

यशवंतराव जन्मले १२ मार्च १९१३ रोजी, देवराष्ट्रे या आजोळी. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. सागरेश्वराच्या डोंगराजवळचा हा मुलूख कमी पावसाचा. कोरडवाहू म्हणजे काय, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. बाळंतपण अवघड होते. यश दे म्हणून सागरोबाला साकडे घातले, बाई सुटली आणि पोराचे नाव यशवंत ठेवले.

वडील बळवंतराव कराडच्या कोर्टात बेलिफ होते. मुले लहान असतानाच ते प्लेगने गेले. विठाबाईंना अक्षरओळख नव्हती. पाठीशी इस्टेट नव्हती. पुढे थोरल्या ज्ञानोबांना कोर्टातच नोकरी मिळाली म्हणून चूल पेटती राहिली. तरी या बाईने मुलांच्या हातातली पाटी सुटू दिली नाही. मुले धीर सोडू लागली की ओवीतून सांगत, चंद्रसूर्यावरही ढग येतात आणि जातात.

१९३२ साली यशवंतरावांना सत्याग्रहात अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पोरगा अजून शाळेत होता. आई भेटायला गेल्या, बरोबर एक मास्तर होते. मास्तरांनी भल्यासाठीच सुचवले, माफी लिहून दिली तर सुटका होईल. विठाबाईंनी तिथल्या तिथे मास्तरांना गप्प केले. माफी मागायची नाही, तब्येतीला जप, एवढेच मुलाला सांगून त्या परतल्या.

१९४२ साली तर घरच रिकामे झाले. यशवंतराव भूमिगत. दुसरे चिरंजीव गणपतराव तुरुंगात. जूनमध्ये लग्न होऊन आलेल्या वेणूताईंना १९४३ च्या जानेवारीत पोलिसांनी धरून नेले. त्याच दिवसांत थोरला ज्ञानोबा आजारपणात गेला. पुढे गणपतरावही क्षयाने गेले. हाताशी आलेले दोन मुलगे या माउलीने आपल्या डोळ्यांदेखत घालवले. तिसरा १९५६ साली मुंबई राज्याचा मुख्यमंत्री झाला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला, १९६२ साली देशाचा संरक्षणमंत्री झाला. हे सारे पाहून विठाबाई १९६५ साली गेल्या.

इथे टाळ्या वाजवून थांबायची आपली रीत आहे. धन्य ती माता म्हटले की काम संपले! आम्हाला मात्र एक प्रश्न विचारायचा आहे. या बाईच्या नावावर काय होते?

त्या विधवा झाल्या तेव्हाचा कायदा काय सांगत होता? एकत्र कुटुंबात मुलगे असलेल्या विधवेला स्वतः उठून वाटणी मागता येत नव्हती. तिला हक्क फक्त पोटगीचा. घर चालवायचे तिने आणि घराची मालकी मुलांची. नवऱ्याच्या मिळकतीत विधवेला मुलांच्या बरोबरीने पुरा हक्क मिळाला १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने. म्हणजे मुलगा मुख्यमंत्री झाला त्याच वर्षी.

कायदा झाला, पण आपल्या गावात काय झाले? सरकी टोबायची बाईने, निंदण तिचे, कापूस वेचून बोटे सोलायची तिने. ज्वारीची कणसे खुडायची तिनेच. आणि सातबारा उघडला तर नाव नवऱ्याचे, सासऱ्याचे, दिराचे. कर्जाच्या पायी कर्त्या माणसाने गळफास घेतला, की मागे राहिलेली बाई वारसाच्या नोंदीसाठी तलाठ्याच्या दारात उभी राहते. नोंदीत अडवणारे बहुतेक वेळा सरकार नसते, घरचेच असतात. तिचे नाव नाही म्हणून तिला पीककर्ज मिळत नाही. कर्ज मात्र तीच फेडते.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्याने आईचे नाव बापाच्या नावाआधी लावले. चांगले झाले. यशवंत विठाबाई बळवंतराव चव्हाण असे नाव त्या काळी कोणी लिहिले नसते. पण नावात आई आली आणि जमिनीत आली नाही, तर तो नुसता मान झाला. मानावर पेरणी होत नाही.

विठाबाईंनी पोटगीच्या हक्कावर एवढे उभे केले. मालकीचा हक्क असता तर काय केले असते, याचा विचार करा. आपल्या घरातल्या बाईला मागे एकटीने संसार ओढायची पाळी यावी, असे कोणालाच वाटत नाही. पण ती पाळी सांगून येत नाही.

तेव्हा घरी गेल्यावर पेटीतला सातबारा काढा आणि बायकोसमोर मोठ्याने वाचा. तिचे नाव नसेल, तर पेरणीची घाई सुरू व्हायच्या आत तलाठ्याकडे जाऊन या. जाताना तिला बरोबर न्या.