समुद्राचं देणं

माझा जन्म माहीमचा. अब्बा कोकणातून बोटीने आले, भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि मखदूमबाबांच्या दर्ग्यामागे एका खोलीत त्यांनी संसार मांडला. शाळा सुटली की आम्ही पोरं मागच्या वाळूत क्रिकेट खेळायचो. आज तिथे भरतीचं पाणी थेट भिंतीला भिडतं. कुठे गेली ती वाळू?

मुंबई म्हणजे सात बेटं, हे आपण शाळेत पाठ केलं. त्या बेटांमधलं पाणी माणसाने हळूहळू मिटवलं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, वरळीच्या खिंडीला बांध पडू लागला. १८३८ मध्ये कुलाबा जोडला गेला. १८४५ मध्ये माहीम-वांद्रे रस्ता झाला. त्यासाठी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. पुढे बॅकबे भरायला निघालेली कंपनी १८६५ च्या कापसाच्या मंदीत बुडाली. भराव मात्र थांबला नाही.

किनाऱ्यावरची वाळू तिथे कायमच्या मुक्कामाला नसते. लाटा तिला किनाऱ्याकिनाऱ्याने पुढे नेतात, मागून नवी आणतात. मध्येच भराव पुढे काढला की हा प्रवास अडतो. एकीकडे गाळ साचतो, दुसरीकडची वाळू जाते. मग तिथे भिंत येते. भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची उरलीसुरली वाळूही ओढून नेते. खाड्यांचंही तेच. वांद्र्याच्या भरावाने माहीमच्या उपसागराचं तोंड आवळलं, मिठी नदी वस्त्यांनी आणि भरावांनी अरुंद झाली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याने वाट शोधली ती आपल्या घरांतून.

हे सारं मी तावातावाने बोलतो खरा, पण गेली वीस वर्षं मी राहतो कुठे? वांद्र्याच्या त्याच भरावावर! माझा एक कोळी मित्र पहिल्यांदा घरी आला, तेव्हा खिडकीशी उभा राहून म्हणाला, ‘‘भाई, तुझ्या या हॉलमध्ये माझी आई कालवं काढायची.’’ चहा झाला, गप्पा झाल्या. पण ते वाक्य घरातून गेलं नाही.

२०२४ मध्ये सागरी किनारा रस्ता खुला झाला. त्यासाठी सुमारे १११ हेक्टर समुद्र भरला. वरळीच्या कोळ्यांनी त्याआधी होड्या जाण्यापुरतं खांबांमधलं अंतर मागितलं होतं. ६० मीटरचं १२० मीटर व्हायला त्यांना किती झगडावं लागलं! मी त्या रस्त्याने जातो, वेळ वाचतो, हेही खोटं नाही. म्हणून रस्ता नको, असं मी म्हणणार नाही. पण आखणी करताना कोळ्यांना आधी विचारा, नंतर नव्हे.

त्याच रस्त्यावरून हाजीअलीचा दर्गा दिसतो. अम्मी आम्हाला तिथे न्यायची. भरती असली की वाट पाण्याखाली जायची. मी कुरकुर करायचो. अम्मी म्हणायची, ‘‘थांब जरा, आत्ता त्याची पाळी आहे.’’

मग पाणी ओसरेपर्यंत आम्ही काठावर बसून राहायचो.