पायाला टिकली

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही; परंतु घरात पाहिले ते सांगते. आपल्यापैकी काहींच्या घरी अर्धांगाचे माणूस आहे, म्हणून हा विषय घेतला.

2023 साली सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि उजवा पाय ताठत गेला. असा ताठरपणा पाहण्याची रीत हाताची. पाय गुडघ्यात वाकवायचा, किती अडतो ते अजमावायचे आणि 0 ते 4 असा अंक द्यायचा. ही मोजणी अ‍ॅशवर्थ नावाच्या डॉक्टरांनी 1964 साली मांडली. 1987 साली तिच्यात 'एक अधिक' ही आणखी एक पायरी आली. आमच्याकडे व्यायामाला येणाऱ्या एका बाईंनी 1 लिहिला, आठवड्याने दुसऱ्या बाईंनी 2. आता खरे कोणते? गोळी वाढवायची की नाही, हे त्यावर ठरायचे होते, आणि त्या गोळीने सासूबाई दिवसभर पेंगत.

माझी भाची फिजिओथेरपी शिकते. ती म्हणाली, "मामी, दोघींचेही खरे आहे. असा पाय जितका झपाट्याने वाकवावा तितका जास्त अडतो. एकीचा हात संथ, दुसरीचा चपळ." कणीक एकच, पण दोन जावांच्या हाताला ती वेगवेगळी लागते ना, तसेच.

मग तिने डोळ्यांनी मोजायचे ठरवले. आजीला पलंगाच्या कडेला पाय लोंबते सोडून मागे उशांवर टेकवले. मांडी, गुडघा, घोटा अशा टिकल्या लावल्या. "या वयात गुडघ्याला टिकली!" म्हणून सासूबाई हसल्या. बाजूला फोन ठेवून चित्रण सुरू केले. पाय सरळ उचलला आणि सोडून दिला. ही कसोटी वार्टेनबर्ग यांनी 1951 साली सांगितली. निरोगी पाय लंबकासारखा बऱ्याच वेळा झुलतो. माझा झुलला, मीही बसून पाहिले. सासूबाईंचा अर्ध्यावर अडला आणि दोन हेलकाव्यांत थांबला. भाचीने एकेक चित्र थांबवून टिकल्या रेघांनी जोडल्या व कोन मोजला. मध्ये विसावा देत तीनदा केले. आकडे जवळजवळ सारखे आले.

डॉक्टर म्हणाले, महिनाभर थांबू. महिन्याने पुन्हा मोजले तर कोन पूर्वीइतकाच. निदान त्या महिन्यात ताठरपणा वाढला नव्हता. त्यांनी चित्रण पाहिले, स्वतः पाय तपासला आणि गोळी तेवढीच ठेवली.

म्हणून व्यायामाच्या बाई काही बंद केल्या नाहीत. सांधाच आखडला आहे की स्नायू ओढतो आहे, दुखते नेमके कुठे, हे हळू हलवणाऱ्या हातालाच कळते. फोनचेही चुकते. तो तिरपा राहिला की कोन बिघडतो, आणि धास्तीने पाय धरून ठेवला तर झुलत नाही.

कोणाला करायचे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. गुडघा दुखरा असेल तर पाय असा सोडू नये. टिकल्या दर वेळी त्याच जागी हव्यात. मी पेनाने खुणा केल्या आहेत. आंघोळीनंतर त्या पुन्हा गडद करते.