होल्यांचा जोडा



आजचा विषय फलकावर वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. प्राचीन इस्राएलातील याजक आणि त्यांची अर्पणे यांत ख्रिस्ती लोकांना ख्रिस्ताची कोणती चिन्हे दिसतात, यावर एखाद्या धर्मोपदेशकाने बोलावे, निदान प्राध्यापकाने तरी. मी कामगार संघटनेच्या कामात आयुष्य घालवलेला माणूस. शाळा नववीत सुटली, पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. मी ख्रिस्ती नाही, यहुदीही नाही. इब्री आणि ग्रीक मला येत नाही. मराठी बायबल मात्र मी हातात पेन्सिल घेऊन वाचले आहे.

तो ग्रंथ मला एका ख्रिस्ती सहकाऱ्याने दिला. मी उघडला तो नेमका लेवीय नावाच्या पुस्तकाशी. श्रद्धाळू माणसेही जे पुस्तक पाने उलटून ओलांडतात, ते हे! कोणत्या दोषाला कोणता पशू, नर की मादी, चरबीचे काय करावयाचे, कातडे कोणाचे, मांस कोणी आणि किती दिवसांत खावयाचे, याची कलमांमागून कलमे. दुसरा कोणी कंटाळला असता. पण ज्याचा जन्म पगाराचे करार आणि जादा कामाचे दर वाचण्यात गेला, त्याला कलमे वाचण्याची सवय असते. कलम कोरडे दिसले तरी कोणाच्या तरी पोटाशी त्याची गाठ असते, हे मला ठाऊक होते. म्हणून मी वाचत राहिलो.

प्रथम मूळ व्यवस्था पाहू. मिसर देशातील वेठबिगारीतून सुटलेल्या इस्राएल लोकांना मोशेने सीनाय पर्वतापाशी जे नियमशास्त्र दिले, त्यातली ही व्यवस्था, असे बायबल सांगते. मोशेचा भाऊ अहरोन आणि त्याचे वंशज हे याजक. बाकीचे लेवी वंशाचे लोक त्यांचे मदतनीस. या वंशाला जमिनीचा वाटा नव्हता. लोकांनी दिलेल्या दशमांशावर आणि अर्पणांतील हिश्श्यावर त्यांचा निर्वाह. अर्पणे मुख्यतः पाच प्रकारची. होमार्पणात पशू संपूर्ण जाळावयाचा. अन्नार्पण पिठाचे. शांत्यर्पणात देवाचा भाग देऊन बाकीचे माणसांनी मिळून जेवावयाचे. शिवाय पापार्पण आणि दोषार्पण. पशू आपल्या कळपातला, निर्दोष हवा, आणि अर्पण करणाऱ्याने त्याच्या डोक्यावर आपला हात ठेवावयाचा. हात ठेवला म्हणजे हा पशू माझ्या वतीने उभा आहे, असे त्याने सर्वांसमक्ष मान्य केले.

आता या दरपत्रकातील एक गोष्ट पाहा. नकळत पाप घडले तर अभिषिक्त याजकाने गोऱ्हा द्यावयाचा, अधिपतीने बकरा द्यावयाचा, आणि साध्या माणसाने बकरी किंवा मेंढी. जितका अधिकार मोठा तितके प्रायश्चित्त भारी! आपल्याकडे साहेबाची चूक कागदात जिरते आणि शिपायाची चूक पगारातून कापली जाते. इथे उलटा क्रम आहे. काही दोषांच्या बाबतीत पुढची पायरीही दिलेली आहे. मेंढी परवडत नसेल तर होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिल्ले. तेही परवडत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे सुमारे दोन लिटर पीठ. त्यावर तेलही नको, धूपही नको. गरीब म्हणून वेदीपाशी कोणी अडता कामा नये, हा त्यातला हेतू मला स्पष्ट दिसला. हा होल्यांचा जोडा आपण लक्षात ठेवा. त्याच्याकडे मला परत यावयाचे आहे.

मुख्य याजकाचा पोशाख मोठा देखणा होता. सोन्याची जर, निळा झगा, त्याच्या घेराला डाळिंबे आणि सोन्याची घुंगरे, कपाळावर सोन्याची पट्टी. छातीवरच्या ऊरपटात बारा रत्ने, आणि प्रत्येकावर इस्राएलच्या एकेका वंशाचे नाव कोरलेले. खांद्यांवरच्या दोन रत्नांवर तीच नावे सहा सहा. म्हणजे तो देवापुढे जाई तो एकटा जात नसे. सगळे लोक खांद्यावर आणि काळजापाशी घेऊन जाई. पण वर्षातून एक दिवस असा येई की, परमपवित्रस्थानात पडद्याच्या आत जावयाचे असे. तो प्रायश्चित्ताचा दिवस. त्या दिवशी आत जाताना हा जरीचा पोशाख नाही; साधी तागाची वस्त्रे. आणि लोकांच्या पापांसाठी बकरा अर्पण करण्याआधी त्याने स्वतःच्या आणि स्वतःच्या घराण्याच्या पापांसाठी गोऱ्हा द्यावयाचा. आधी स्वतःचा हिशेब, मग लोकांचा.

हे कलम वाचताना मी थांबलो. का थांबलो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमचा एक संप लांबला होता. सभेत मी त्यागावर भाषण केले, टाळ्याही पडल्या. सभा संपल्यावर एका कामगाराची बायको पुढे आली आणि म्हणाली, "दादा, आमचं डोरलं गेलं. तुमच्या घरातलं काय गेलं?" माझे संघटनेचे मानधन चालू होते. माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या महिन्यापासून संप मिटेपर्यंत मी मानधन घेतले नाही. पण ते तिने विचारल्यावर. आधी सुचले नाही, हे मला आज आपल्यासमोर कबूल केले पाहिजे.

ख्रिस्ती लोकांनी या सर्व व्यवस्थेचा जो अर्थ लावला, तो नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात सर्वांत सविस्तर आहे. पत्राचा लेखक कोण, हे निश्चित नाही; पण त्याची मांडणी एखाद्या चांगल्या वकिलासारखी आहे. तो म्हणतो, जुनी व्यवस्था ही येणाऱ्या गोष्टीची छाया होती. ख्रिस्त हा खरा मुख्य याजक. पण तो लेवी वंशाचा नव्हे, यहूदा वंशाचा. म्हणजे जन्माने त्याला याजकपण नाही. मग अधिकार कुठून आला? लेखक उत्पत्तीच्या पुस्तकातील मलकीसदेकाकडे बोट दाखवतो. तो शालेमचा राजा आणि याजक. अब्राहामाला भाकर आणि द्राक्षारस घेऊन सामोरा आला, पण त्याच्या वंशावळीचा उल्लेख नाही. याजकपण वंशावळीवाचूनही असू शकते, हा त्यातला मुद्दा. जिथे पुजारीपण जन्माने ठरत आले, त्या आपल्या देशातील श्रोत्यांना या मुद्द्याचे वजन मी वेगळे समजावून सांगावयास नको.

लेखकाचा दुसरा मुद्दा असा. जुना याजक दररोज उभा राहून तीच ती अर्पणे करतो, कारण काम कधी पुरे होत नाही. ख्रिस्ताने मात्र एकदाच अर्पण केले आणि तो बसला. उभे राहणे आणि बसणे यांतला फरक पाळीत काम करणाऱ्यालाच नीट कळतो! आणि तिसरा मुद्दा सर्वांत मोठा. जुना याजक दुसऱ्याचे रक्त घेऊन आत जाई. हा स्वतःचे घेऊन गेला. अर्पण करणारा आणि अर्पण होणारा एकच. शेवटी लेखक आणखी एक धागा जोडतो. प्रायश्चित्ताच्या पशूंची शरीरे छावणीबाहेर नेऊन जाळीत. ख्रिस्तानेही वेशीबाहेर दुःख सोसले. वेशीबाहेर हा शब्द महाराष्ट्रात कोणाला कसा ऐकू येतो, हेही आपण जाणता.

योहानाच्या शुभवर्तमानात हेच चिन्ह कोकराच्या रूपाने येते. वल्हांडण सणाच्या कोकराचे हाड मोडावयाचे नाही, असा जुना नियम. क्रुसावर ख्रिस्ताचे पाय मोडले गेले नाहीत, हे योहान आवर्जून नोंदवतो आणि त्या नियमाची आठवण देतो. योहानाच्या सांगण्याप्रमाणे हा प्रसंग सणाच्या तयारीच्या दिवशी घडला. कोकरे कापण्याचा तोच दिवस.

आता होल्यांच्या जोड्याकडे वळू. बाळंतपणानंतर स्त्रीने शुद्धीसाठी एक कोकरू आणि एक पक्षी आणावा. कोकरू परवडत नसेल तर दोन पक्षी आणावे, असे लेवीयात आहे. लूक लिहितो की, येशूच्या जन्मानंतर मरीया आणि योसेफ यरुशलेमेच्या मंदिरात गेले, तेव्हा त्यांनी या दोन पक्ष्यांचे अर्पण केले. लूक कोकराचा उल्लेख करीत नाही, गरिबीचाही करीत नाही. पण ज्याने दरपत्रक वाचले आहे त्याला ते कळतेच. ज्याला पुढे देवाचे कोकरू म्हटले गेले, त्याच्या आईबापांना कोकरू परवडले नव्हते! सोन्याच्या ऊरपटापेक्षा हे चिन्ह मला अधिक बोलके वाटते. याच मुलाने मोठेपणी मंदिरात जाऊन सराफांचे चौरंग आणि पारवे विकणाऱ्यांच्या बैठकी उलथल्या, तेव्हा गरिबांच्या अर्पणाचा बाजार त्याच्या डोळ्यांपुढे होता, असे मी समजतो.

पण ही कळ एकट्या ख्रिस्ती ग्रंथांत नाही. मिश्ना हा यहुदी धर्मनियमांचा संग्रह इ. स. २०० च्या सुमारास सिद्ध झाला. त्यात एक हकिकत आहे. यरुशलेमेत पक्ष्यांच्या जोडीचा भाव सोन्याच्या दीनारावर गेला. तेव्हा रब्बान शिमोन बेन गम्लिएल या आचार्यांनी शपथ घेतली की, भाव रुप्याच्या दीनारावर आल्याशिवाय आज रात्री मी निजणार नाही. ते न्यायसभेत गेले आणि त्यांनी निर्णय दिला: पाच बाळंतपणांची अर्पणे राहिली असतील तरी स्त्रीने एकच जोडी आणावी, बाकीचे तिच्यावर बंधन नाही. मागणी घटली आणि त्याच दिवशी भाव रुप्याच्या पाव दीनारापर्यंत उतरला. धर्मशास्त्राच्या आधाराने भाव पाडणारा हा माणूस मला आमच्यातलाच वाटला.

म्हणून एक सावधगिरीचा शब्द सांगतो. छाया आणि वस्तू या भाषेने ख्रिस्ती जगात पुष्कळ अनर्थही केला. तुमचा धर्म ही छाया, तेव्हा तुम्ही आता निरर्थक, असे म्हणून यहुद्यांचा शतकानुशतके छळ झाला. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुदीद्वेषाचा स्पष्ट निषेध केला, तोवर फार उशीर झाला होता. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडले आणि अर्पणे थांबली. पण यहुदी धर्म थांबला नाही. परंपरा सांगते की, मंदिराचे भग्नावशेष पाहून रडणाऱ्या शिष्याला योहानान बेन झक्काई यांनी समजावले: प्रायश्चित्ताचा दुसरा मार्ग आपल्यापाशी उरला आहे, तो म्हणजे दयेची कृत्ये. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना आपण शनिवार तेली म्हणत आलो, ते एलिया संदेष्ट्याच्या नावाने गोड पोहे, नारळ आणि फळे यांचा मलिदा करतात. त्यात रक्ताचा थेंब नाही. एकाच जुन्या ग्रंथाची ही दोन जिवंत वाचने आहेत. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात छापलेल्या क्रिस्तपुराणात पहिले पुराण जुन्या कराराचे आणि दुसरे ख्रिस्ताचे अशी रचना केली. पहिले वाचल्यावाचून दुसरे कळत नाही, आणि पहिल्याचे वारस आजही आपल्यात आहेत, हे विसरू नये.

शेवटी दोन कलमे सांगून थांबतो. दोषार्पणाच्या नियमात म्हटले आहे की, ज्याने शेजाऱ्याला फसवले असेल किंवा लुबाडले असेल, त्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा ज्याचा त्याला परत करावा आणि आपला मेंढा याजकाकडे आणावा. नुसता मेंढा चालत नाही. आणि त्याच पुस्तकात, त्याच वेदीच्या धुरात, दुसरे कलम आहे: मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवू नये. येशूनेही सांगितले की, अर्पण वेदीपुढे तसेच ठेव आणि आधी भावाशी समेट कर.

चिन्हे पुष्कळ आहेत आणि ती सुंदर आहेत. परंतु दुसऱ्याचे देणे बुडवून केलेल्या अर्पणाला कोणतेही चिन्ह तारत नाही, हे त्या ग्रंथातच लिहून ठेवलेले आहे. आणि लोकांकडे त्याग मागणाऱ्याने आपला गोऱ्हा आधी आणावा, हेही. त्या बाईने मला हेच विचारले होते. तिने लेवीय वाचलेले नव्हते.