किल्ली कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



मोटार हा विषय आपल्या अभ्यासवर्गात कशाला, असे काहींना वाटेल. पण आजची नवी मोटार मोबाइलच्या जाळ्यातून उत्पादकाशी जोडलेली असते. मालक मोबाइलवर बटण दाबतो, तेव्हा त्याची आज्ञा प्रथम कंपनीच्या संगणकाकडे जाते. तो मालकाची ओळख तपासतो आणि मग गाडीला हुकूम सोडतो: दार उघड, इंजिन सुरू कर. मालकाने करायची ती विनंती, हुकूम कंपनीचा! मालकीचा सारा प्रश्न या तांत्रिक रचनेत दडला आहे.

अमेरिकेत त्याची झळ गरिबांना आधी लागली. हप्त्याने गाड्या विकणारे सावकार (सावकारच म्हणतो, कारण धंदा तोच आहे) गाडीत दुरून इंजिन रोखणारे यंत्र बसवू लागले. अशा गाड्या सुमारे २० लाख असल्याचे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१४ साली प्रसिद्ध केले. लास व्हेगासमधील एका आईला तापाने फणफणलेल्या मुलीला रुग्णालयात न्यायचे होते. गाडी सुरू होईना. हप्ता अवघे तीन दिवस थकला होता! पूर्वी जप्तीसाठी सावकाराला निदान माणूस पाठवावा लागे. त्याच्याशी भांडता येई, शेजारी गोळा होत. संगणकाशी कोण भांडणार?

२०१० साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे, कामावरून कमी केलेल्या एका तरुणाने सहकाऱ्याच्या खात्यातून अशाच यंत्रणेत शिरून शंभरावर गाड्या बंद पाडल्या, भोंगे वाजवले. हप्ते वेळेवर भरणारेही त्यात भरडले गेले. त्याला अटक झाली, आणि ते योग्यच झाले. पण तीच कळ रोज अधिकृतपणे दाबणाऱ्याचे काय?

‘हे यंत्र नसेल तर गरिबाला कर्जच मिळणार नाही,’ असे सावकार म्हणतात. वेठबिगारीचे समर्थनही याच भाषेत होत असे.

मॅसॅच्युसेट्स राज्यात २०२० साली सुमारे तीन-चतुर्थांश मतदारांनी, दुरुस्तीसाठी लागणारी गाडीतील माहिती मालकाला व त्याच्या मेकॅनिकला खुली करण्याच्या बाजूने कौल दिला. उत्पादकांच्या संघटनेने तत्काळ न्यायालय गाठले. यावरून ही वाट त्यांना किती मोलाची आहे ते कळते.

आपल्या रिक्षा-टॅक्सी संघटनांनी सभासदांचे कर्जाचे करारनामे आतापासूनच तपासावेत. असे कलम बारीक अक्षरांत असते. गाडी रोखण्यापूर्वी लेखी नोटीस, आजारपणाच्या प्रसंगी तत्काळ सुटका आणि कर्ज फिटताच यंत्र काढून देणे, या मागण्या पुढील मेळाव्याच्या ठरावात आल्या पाहिजेत.