वृद्ध ताऱ्याचा जोडीदार

वार्धक्य आलें म्हणजे शरीर आंखडतें, हा आपल्याकडील अनुभव. ताऱ्यांची रीत उलटी आहे. सूर्यासारख्या ताऱ्याच्या गाभ्यांतील हायड्रोजन संपला कीं तारा फुगूं लागतो, त्याचा पृष्ठभाग थंडावून तांबूस होतो, आणि अंगावरून वायूचा संथ झोत अखंड बाहेर वाहूं लागतो. अशा ताऱ्यास तांबडा राक्षसी तारा म्हणतात.

क्ष-किरण निघावयास लक्षावधि अंशांचें तपमान लागतें. या म्हाताऱ्याचा पृष्ठभाग जेमतेम तीन-चार हजार अंशांचा. तेव्हां क्ष-किरणांच्या दुर्बिणींतून तेथें काळोखच दिसावा. तरीहि कांहीं राक्षसी ताऱ्यांच्या जागेवरून क्ष-किरण येतात, आणि विपुल येतात. बहुतेक ठिकाणीं याचें उत्तर एकच निघतें : म्हातारा एकटा नाहीं. ‘बहुतेक’ म्हणण्याचें कारण, २००३ सालीं ‘चंद्रा’ या अंतराळांतील दुर्बिणीला मायरा ताऱ्याच्या जोडींत खुद्द म्हाताऱ्याकडूनहि क्ष-किरण आलेले आढळले. पण तशीं उदाहरणें थोडीं.

हा जोडीदार पुष्कळदां श्वेतबटु असतो. आकार पृथ्वीएवढा, पण वजन सूर्याच्या तोलाचें. राक्षसी ताऱ्यानें उधळलेला वायु तो आपल्याकडे ओढून घेतो. वर्षानुवर्षें सांचलेला हा थर एके दिवशीं अणुभट्टीसारखा पेटतो, आणि तारा एकाएकी हजारों पटींनीं उजळतो. धनु राशींतील व्ही-३८९० हा असाच तारा. तो १९६२ सालीं भडकला, १९९० सालीं भडकला, आणि पुन्हां २०१९ च्या ऑगस्टच्या २७ तारखेस भडकला.

ते पावसाळ्याचे दिवस. अंबरनाथच्या आनंदनगरांत कारखान्यांचे दिवे आधींच धनु राशीला झांकतात, त्यांत ढग. परंतु आकाश निरभ्र असतें तरी क्ष-किरण आपणांस मिळाले नसते, कारण वातावरण ते वरच्यावर शोषून टाकतें. सुदैवानें वातावरणाच्या वर, सुमारें ६५० किलोमीटर उंचीवर, २०१५ च्या सप्टेंबरांत सोडलेला ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ हा भारतीय उपग्रह होता. त्यावरील मृदु क्ष-किरणांची दुर्बीण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बनली. क्ष-किरण सरळ आरशावर पडले तर परावर्तित होत नाहींत. पण चपटा दगड पाण्यावर तिरका फेंकला असतां जसा उसळतो, तसे ते सोन्याचा मुलामा दिलेल्या आरशावरून निसटत्या कोनानें उसळतात. असे ३२० आरसे एकांत एक बसविलेले आहेत.

स्फोटानंतर आठ दिवसांनीं ही दुर्बीण ताऱ्याकडे वळविली. त्या वेळीं मुंबईंत गणेशोत्सव चालला होता. आरंभीं केवळ कठीण, भेदक क्ष-किरण आले. स्फोटांतून सुटलेला वायु म्हाताऱ्यानें आधींच पसरून ठेवलेल्या वायूवर आदळून तापला होता, त्याचे ते किरण. बटूच्या पृष्ठभागावर जळत राहिलेला अग्नि अद्याप पडद्याआड होता. साडेआठ दिवस उलटले, आणि मृदु क्ष-किरणांची पहिली अंधुक झांक दिसली. पडदा विरूं लागला होता. ही वेळ हातीं लागणें म्हणजे पहारा आणि नशीब दोन्ही लागतात. स्फोटाची तिथि पंचांगांत नसते.

पुढें सतराव्या दिवसाच्या सुमारास मृदु किरण दिवसभर मंदावले व पुन्हां उजळले. आघाताचे किरण मात्र त्या अवधींत स्थिर होते; म्हणजे बदल घडला तो दुर्बिणींत नव्हे, बटूच्या बाजूस.

एवढ्या खटाटोपाचें कारण त्या बटूच्या वजनांत आहे. १९३० सालीं सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर मुंबईहून बोटीनें विलायतेस निघाले, आणि त्या प्रवासांत त्यांनीं गणित मांडलें. त्यांतून पुढें निघालें तें असें कीं, श्वेतबटूचें वजन सूर्याच्या सुमारें १.४ पटीपलीकडे जाऊं शकत नाहीं. त्यापलीकडे तो कोसळेल किंवा समूळ फुटेल. व्ही-३८९० चा बटु सूर्याच्या सुमारें १.३५ पट असावा असा एक हिशेब आहे. तेव्हां प्रश्न जमाखर्चाचा : दर स्फोटांत तो मिळविलेलें सारें उधळतो, कीं थोडें पदरीं ठेवतो? स्फोटानंतर अग्नि किती दिवस जळतो, यावरून शिल्लक किती राहिली याचा अंदाज बांधतां येतो, आणि तो अग्नि मृदु क्ष-किरणांतच दिसतो. मागील दोन अंतरें २८ व २९ वर्षांचीं पडलीं. तोच क्रम राहिला तर पुढील खेप २०४८ च्या आसपास येईल.