शाळांचे वर्ष आणि आमचे कर्तव्य



सन 2025 मध्ये छत्तीसगढ शासनाने 10,000 हून अधिक शाळांचे एकत्रीकरण केले आणि शिक्षकाविना चाललेल्या व एकशिक्षकी शाळांकडे शिक्षक धाडले. गुरुजींवाचून राहिलेल्या मुलांना गुरुजी लाभले, ही प्रगती. पदे घटतील ही शिक्षकसंघटनांची भीती, हे आव्हान. रायपुरातील आम्हां मराठी जनांनी हे सारे परक्यासारखे पाहावे काय? माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी. तरी 1900 साली त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, ते या प्रदेशातील लोकांच्या ज्ञानवृद्धीसाठीच. त्याच वाटेने आमच्यातील निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातील दोन तास जवळच्या सरकारी शाळेस द्यावेत. आमच्या सुवर्णमहोत्सवाचे सार्थक त्यातच आहे.