हमीची कसोटी

महाबळेश्वराच्या माथ्यावर वर्षाकाठीं २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथें उगम पावलेली कृष्णा सातारा-सांगलीकडे वाहात जाते. परंतु त्याच मुलखांतील माण, आटपाडी, जत या पूर्वेकडील तालुक्यांच्या वांट्यास जेमतेम २० इंच येतात, आणि कांहीं वर्षीं तेवढेही येत नाहींत. अशा ठिकाणीं पाऊस चुकला म्हणजे शेतमजुराचें काम जातें. मग बाजारांत धान्य असलें तरी तें घ्यावयास हातीं पैसा नसतो. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं आपल्या ग्रंथांत ही गोष्ट साधार मांडली. सांगलीकडील वि. स. पागे यांना ती अनुभवानें आधींच उमगली होती.

पागे हे राज्याच्या विधान परिषदेचे सभापति. १९६५ सालीं तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें त्यांच्या प्रेरणेनें प्रयोग झाला: काम मागेल त्यास काम द्यावयाचें. पुढें मोठा दुष्काळ पडला; मे १९७३ मध्यें राज्यांतील दुष्काळी कामांवर सुमारें ५० लक्ष माणसें राबत होतीं. १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला. शहरांतील पगारदारांच्या वेतनांतून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ सालीं याच कामासाठीं बसविण्यांत आला, हें पुष्कळांच्या गांवींही नसतें.

या योजनेची खुबी अशी कीं, गरीब कोण हें ठरविण्यासाठीं सरकारास यादी करावी लागत नाहीं. भर उन्हांत खडी फोडावयास सधन मनुष्य आपण होऊन येत नाहीं.

१९८८ सालीं किमान वेतन दुप्पट झालें आणि योजनेवरील मजुरीही वाढली. हें न्याय्यच होतें. परंतु मजुरी वाढतांच कामावरील गर्दी वाढावी, ती उलट ओसरली! मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त व शुभम चौधरी यांनीं १९९३ सालीं या आंकड्यांचा उलगडा केला. मजुरांची गरज सरली नव्हती. कामें मोजूनमापून मिळूं लागलीं होतीं. मजुरी वाढवावयाची आणि तरतूद मात्र त्या मानानें वाढवावयाची नाहीं, असें केलें म्हणजे हक्काची मेहेरबानी होते.

२००५ सालीं देशभर असाच कायदा झाला. त्यावर आंध्रांत कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस व संदीप सुखटणकर यांनीं केलेलें संशोधन २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. मजुरी पोंचविण्याची पद्धति सुधारली तेथें गरीब कुटुंबांची कमाई १४ टक्क्यांनीं वाढली. आणि या वाढीपैकीं ८६ टक्के भाग योजनेबाहेरील कमाईचा होता. सरकारी कामाचा भरंवसा असलेला मजूर पडेल त्या मजुरीवर राबत नाहीं, म्हणून इतरांसही दर वाढवून द्यावा लागतो. त्यामुळें खाजगी रोजगार आटेल ही भीति होती. तो तेथें वाढला. तेव्हां केवळ हजेरीपट पाहून योजनेचा हिशेब मांडणें म्हणजे पाटाचें पाणी मोजून विहिरीची वाढलेली पातळी विसरणें होय.

हजेरीपटांत आणखीही एक उणीव आहे. काम मिळालेल्यांचीं नांवें त्यावर असतात, नाकारलेल्यांचीं नसतात. २००५ च्या कायद्यानें अर्जदारास दिनांकाची पावती देणें आवश्यक केलें होतें व काम देण्यास १५ दिवसांची मुदत होती. पावतीच दिली नाहीं, तर ती मुदत केव्हां संपली हें मजुरानें कशाच्या आधारें सांगावें?